पायाचं बटण

माझा उजवा पाय रेडिओवर चालतो. हे मी पहिल्यांदा ज्याला सांगितलं, तो चहाचा कप ओठाशी धरून तसाच थिजला, आणि माझ्या अंदाजानं आजही त्या टपरीवर तसाच उभा असेल. लोकांना वाटतं मी थापा मारतो. मारतोही. पण पायाच्या बाबतीत मला थाप मारायची गरजच पडत नाही, तिथे खरं सांगितलं तरी पुरतं.

लकवा आला तेव्हा माझी उजवी बाजू गेली. हात काही महिन्यांनी परत आला. जीभ दवाखान्यात पोचायच्या आधीच परत आली. बायको म्हणते, ती गेलीच नव्हती. पायाचा पंजा मात्र रुसला तो रुसलाच. मांडी उचलायची, गुडघा वाकायचा, आणि खाली पंजा असा लोंबायचा, जसा दोरीवर टाकलेला ओला टॉवेल. चालताना बोटं जमिनीला घासायची. घरापासून भाजीबाजारापर्यंत माझ्या अंगठ्यानं अशी रेघ ओढली की तिच्यात केबल टाकून वर माती लोटली असती तर अख्ख्या मनीषनगराला इंटरनेट मिळालं असतं. मी, ज्यानं मौद्याच्या वीजकेंद्रावर जन्मभर क्रेन चालवली, रेल्वेच्या डब्याएवढं लोखंड एका बोटाच्या इशाऱ्यावर उचललं, तो मी स्वतःचा पंजा चार बोटं उचलू शकत नव्हतो.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "काका, पायातली नस चांगली आहे. तिला वरून निरोपच पोचत नाही. आपण निरोप दुसऱ्या वाटेनं पाठवू."

मग त्यांनी माझ्या गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, नसेला लागून एक चिंचोका बसवला. चिंचोका मी म्हणतो, त्यांचं नाव लांबलचक आहे. त्याला ना आत बॅटरी, ना बाहेर आलेली वायर. त्याच्यावर, कातडीच्या बाहेरून, पट्ट्यानं एक डबी बांधायची. डबी बिनतारी वीज पाठवते, चिंचोका ती झेलतो आणि नसेला टोचणी देतो. डबीला हुकूम मिळतो तो बटणाकडून. चपटं, बिस्किटासारखं बटण, जोड्यात टाचेखाली ठेवायचं. टाच टेकलेली असेल तोवर बटण दाबलेलं आणि सगळं शांत. टाच उचलली की बटण सुटतं, आणि बटण सुटलं की पंजा वर. हे सगळं एका पावलाच्या आत होतं, आणि बटण सुटलेलंच राहिलं तर डबी क्षणभरानं आपणच गप्प बसते.

पहिल्यांदा पंजा उठला तेव्हा मी रडलो नाही. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास तेवढा सांडला. तो पायानं सांडला की आनंदानं, यावर घरात अजून दोन तट आहेत.

नवा पाय चालवायला मला शिकवलं माझ्या भाचीनं. बहिणीची ही पोरगी नोकरीसाठी आमच्याकडेच राहत होती. संध्याकाळी मला घेऊन मैदानाच्या कडेनं फेऱ्या मारायची आणि बँडमास्तरसारखी मागून ओरडायची, "टाच! पंजा! टाच! पंजा!" मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचेही पाय तिच्या ठेक्यावर पडायला लागले. त्या वर्षी आमच्या कॉलनीत एकही पोरगा रनआउट झाला नाही, एवढं मी जबाबदारीनं सांगतो.

आणि तिचंच लग्न ठरलं.

आता आमच्यातली एक रीत सांगितली पाहिजे. आमचं घराणं महाल वस्तीतल्या विणकरांचं. माग गेले, पोरं कारखान्यांत आणि कॉम्प्युटरांत गेली, पण आमच्या बापानं हातमागावर विणलेलं एक लांबच लांब पांढरं सुती कापड बहिणीच्या कपाटात जपून आहे. घरातल्या मुलीचं लग्न असलं की ते नवरीच्या खोलीपासून बोहल्यापर्यंत अंथरायचं, आणि मामानं भाचीला त्या पायघडीवरून चालवत न्यायचं. त्यावर जोडा चालत नाही. काठी टेकवायची नाही. चाकाची खुर्ची तर बोलूच नका.

लग्नाची बैठक बसली तेव्हा माझा चुलतभाऊ खाकरला आणि म्हणाला, "दादा, तू मांडवात आरामात बस गा. पोरीले मी आणतो. लहान मामाही मामाच असते."

तो वाईट मनानं बोलला नाही. पण सगळ्यांच्या नजरा माझ्या पायावर गेल्या आणि पायानं मान खाली घातली. तेवढ्यात भाची चहाचा ट्रे घेऊन आली.

"मोठे मामाजी आणतील तवाच मी बोहल्यावर येईन," ती म्हणाली. "नाही तं नवरदेवाले सांगा, माळ घेऊन खोलीतच ये."

विषय संपला. म्हणजे त्यांचा संपला, माझा सुरू झाला. जोड्याशिवाय बटण राहणार कुठे? बायकोनं तोड काढली. पांढरा मोजा घेतला, टाचेला आतून खिसा शिवला, बटण त्यात बरोबर बसलं. प्रश्न उरला की मोजा पायघडीवर चालतो का? आमच्या घराण्यातल्या सगळ्यात वडील काकूकडे प्रकरण गेलं. काकूनं मोजा हातात घेतला, ताणून पाहिला, उजेडात धरला.

"सुताचाच हाय. चालते," काकू म्हणाली.

तयारी अशी पक्की झाली, आणि मग मी एक हौस केली. बहीण नवरदेवासाठी महालातून सोनेरी जरीचे जोडे घेणार होती. मी म्हटलं, मलाही तसेच पाहिजेत. मामा आहे, काही चेष्टा नाही. दुकानदारानं दोन्ही जोड एकाच खोक्यातून काढले. इतके चमकत होते की दुकानातला दिवा त्यानं विझवून टाकला.

लग्नाच्या संध्याकाळी मी नवरीच्या खोलीच्या दाराशी जोडे काढले. बटण अजून उजव्या जोड्यातच होतं. खिशाचा मोजा घडी करून डाव्या जोड्यात खोचला. आधी भाचीसोबत फोटो काढायचा आणि मग निवांत मोजा चढवायचा, असा बेत. डबी पोटरीवर बांधलेली, तिचा हिरवा दिवा चालू. मी आत गेलो. भाची हिरव्या शालूत अशी दिसत होती की फोटोग्राफरनं फ्लॅश बंद केला. मी तिच्याजवळ सरळ उभा राहिलो.

आणि माझा पंजा टपकन वर उठला.

मी पाऊल टाकलं नव्हतं. टाच जमिनीवर होती. पंजा खाली आला, मी त्याच्याकडे रागानं पाहिलं, तो पुन्हा उठला.

"मामाजी, आतापासूनच नाचून राहिले का?" भाची म्हणाली.

"मी नाही वं. हा नाचून राहिला."

बायकोनं दार उघडलं. उंबऱ्याबाहेर जोडे नव्हते.

नवरीच्या बहिणी नवरदेवाचे जोडे पळवतात, ही गंमत सगळीकडे चालते. पण मामाचे जोडे? बायको खिडकीशी गेली. खिडकीबाहेरच मांडवातला पहिला सोफा होता, आणि त्यावर नवरदेवाच्या आत्याबाई बसल्या होत्या. आत्याबाई म्हणजे भारदस्त बाई. त्या हॉलमध्ये शिरल्या तेव्हा झुंबर हललं होतं. मानाच्या पाहुण्या असल्यानं जो येईल त्याला नमस्कार करायला त्या उठत होत्या.

"उठल्या," बायको खिडकीतून म्हणाली.

"उठला," मी पायाकडे पाहून म्हणालो.

"बसल्या."

पाय शांत.

"अवं माय, पुन्हा उठल्या!"

माझ्या पायानं आत्याबाईंसोबत व्याह्याच्या अख्ख्या गावाला सलामी दिली.

तेवढ्यात माझी लेक घामानं निथळत, विजयी चेहऱ्यानं आत आली. लेक इंजिनिअरिंगला आहे. घरातलं लाइटबिल एवढं का येतं हे सोडून तिला सगळं कळतं.

"आई, काम फत्ते! जिजाजीचे जोडे असे लपवले ना, कोणाच्या बापाले सापडणार नाही. डायरेक्ट आत्याबाईच्या गादीखाली! त्याईले उठवाची हिंमत कोण करते?"

बायकोनं तिचा कान धरला आणि तिला खिडकीशी नेलं. समोरून नवरदेव येत होता. त्याच्या पायात सोनेरी जोडे लखलखत होते.

"मंग तू कोणाचे आणले वं?"

लेकीनं एकदा नवरदेवाचे पाय पाहिले, एकदा माझे मोकळे पाय पाहिले. माझा पंजा उठून तिला रामराम करून गेला.

"बाबा..." ती म्हणाली, आणि पळाली.

गेली ती थेट आत्याबाईंच्या पायावर पडली. आत्याबाई आशीर्वाद द्यायला उठल्या, पोरीनं नमस्कार करता करता गादीखाली हात घातला, एक जोडा पदरात ओढला आणि आत्याबाई बसल्या. लेक धावत परत आली. उजवा जोडा. बटण आत, शाबूत. मी ते काढून मुठीत घेतलं. डावा मात्र अजून आत्याबाईंच्या खाली, आणि मोजा त्या डाव्यात.

"पुन्हा जाऊन पाया पडते," लेक म्हणाली.

पण त्याच वेळी माइकवरून गुरुजींचा आवाज आला, "मुलीचे मामा कुठे आहेत? मामांनी मुलीला मांडवात आणावं. मुहूर्ताची वेळ झाली आहे."

बाहेर पायघडी अंथरली गेली होती. बापाचं कापड, दाराच्या उंबऱ्यापासून बोहल्याच्या पायरीपर्यंत, दिव्यांखाली पांढरंशुभ्र. दारात चुलतभाऊ उभा होता. त्यानं फेटाही बांधून घेतला होता.

"दादा, उशीर होऊन राहिला गा," तो हळूच म्हणाला. "पोरीचा मुहूर्त हाय. दे, मी नेतो." आणि त्यानं हात पुढे केला.

मी काय करणार होतो? मोजा नाही. बटण हातात धरून अनवाणी निघालो तर पावलागणिक ते स्वतःच दाबायचं-सोडायचं मला एकट्याला साधणार नव्हतं, पंजा मेलेलाच राहिला असता, आणि बापाच्या कापडावर अंगठा खरडत, त्याला गोळा करत मी बोहल्यापर्यंत पोचलो असतो, पोचलो असतो तर. मी भाचीचा हात त्याच्या हातात द्यायला उचललाही.

तिनं तो सोडवून घेतला. माझ्या मुठीतलं बटण काढलं, आपल्या डाव्या तळव्यात धरलं, वर अंगठा ठेवला आणि शेल्याचा पदर त्यावर ओढला.

"मी दाबते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त चाला."

"अवं पोरी, तुह्या लग्नात तू हे करशील?"

"मैदानावर काय केलं मग इतके दिवस? चला. टाच."

मी तिचा उजवा हात धरला. तिनं अंगठा दाबला. मी टाच उचलली, तिनं सोडलं, आणि पंजा उठला.

पहिलं पाऊल लवकर उठलं, दुसरं उशिरा. तिसऱ्याला तिनं माझ्या खांद्याची हालचाल पकडली. क्रेनवर असताना खालचा माणूस हातानं इशारा करायचा आणि मी वरून दांडा ओढायचो. दोघांचा श्वास एक झाला नाही तर लोखंड डोक्यावर येतं. जन्मभर मी ओढणारा होतो. त्या संध्याकाळी मी क्रेन होतो, आणि इतका चांगला ऑपरेटर मी मौद्यात पाहिला नाही. बँडवाल्यानं आमची चाल पाहून ठेका बदलला. तिचे ओठ हलत होते. लोकांना वाटलं नवरी देवाचं नाव घेते आहे. मला ऐकू येत होतं: टाच. पंजा. टाच. पंजा.

कापडावर एक सुरकुती पडली नाही.

पुढे बोहल्याची पायरी होती. सपाटीवर चालणं निराळं, चढणं निराळं. पायरीला अंगठा अडकला असता तर मी नवरीसकट गुरुजींच्या होमात गेलो असतो. ती थांबली. सगळा मांडव थांबला. तिनं बटण नेहमीपेक्षा अंमळ आधी सोडलं, पंजा वर आला आणि वरच राहिला, मी मांडी उचलली, आणि पाय पायरीवर ठेवला, जसा मी लकव्याच्या आधीही कधी ठेवला नव्हता. खाली टाळ्या पडल्या. आत्याबाईही उठल्या असणार, कारण तो आवाज निराळा होता. चुलतभाऊ फेटा काढून डोळे पुसत होता.

अंतरपाट धरला गेला. माळ धरायला भाचीला दोन्ही हात लागणार होते. तिनं बटण माझ्या उजव्या तळव्यात ठेवलं आणि माझी बोटं स्वतः मिटवली. मी तिच्यामागे उभा राहिलो, डावा हात तिच्या खांद्यावर, उजव्या मुठीत बटण. मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षतांचं ताट फिरत माझ्यापर्यंत आलं आणि पुढे गेलं, कारण माझ्याकडे मोकळा हात नव्हता. खांद्यावरचा मी काढणार नव्हतो. मूठ मी उघडणार नव्हतो.

शेवटचं "सावधान" झालं. मांडवभर तांदूळ उडाले. मी मूठ आवळली आणि सोडली. पंजा बोहल्यावर एकदा उठला, आणि टपकन खाली आला. भाचीनं वळून पाहिलं नाही, पण तिचा खांदा माझ्या हाताखाली हसला.