धामणीला ऊन लागेपर्यंत

आमच्या वडूजकडची थंडी कोरडी. एकदा हाडात शिरली की दुपारपर्यंत निघत नाही. गेल्या पौषात सकाळी बंब पेटवायला घरामागच्या परड्यात शेणी काढायला गेले, तर ढिगाच्या आत धामण वेटोळं करून पडलेली. शेणी ऊब धरतात, वरून पाचट टाकलेलं. तिनं बरी जागा शोधली होती. मी हात मागं घेतला, पण ती हलली नाही.

सून मागून ओरडली, "आवं आत्या, म्हशीच्या पायाला वेढा घालून दूध पिती ती! तरीच दूध कमी झालंय."

"पेंड तू कमी घालतीस आणि नाव धामणीचं," मी म्हणाले.

मला धामण तिथंच हवी होती. माया वगैरे काही नाही. उंदरांनी बाजरीची पोती फोडायला सुरुवात केली होती आणि घरातलं मांजर नुसतं चुलीपुढं लोळत होतं.

मुलगा फौजेतून सुट्टीवर आलेला. तो काठी घेऊन आला. "मारत न्हाई, आई. लांब सोडतो."

मी नको म्हणेपर्यंत त्यानं ती काठीवर उचलली आणि बांधापलीकडं मोकळ्या रानात टाकली. "गेली आता."

कुठली जाते? टाकली तशीच ती दवात पडून होती. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ऊन अजून टेकडीमागं होतं. दोन कावळे उतरले. एकानं शेपटीला चोच मारली, तरी तिला शेपूट ओढून घेता आली नाही.

"अरं, गारठलीय ती. परत आणून ठेव."

"आता परत? आई, लोक हसतील मला," म्हणत तो चहाला घरात गेला.

मला वाकून उचलायला जमत नाही. तिच्यावर शेणाची पाटी पालथी घालावी, तर ऊन कसं लागणार? शेवटी काठी घेऊन बांधावर बसले. कावळे उडायचे, परत यायचे. मी काठी आपटायची. डोक्यावरचा पदर गार पडला, बोटं वळेनात. एका सापासाठी या वयात हे करतेय, याचा रागच आला. उठून जावं असं दोनदा वाटलं. पण उठायचाही कंटाळा आला होता.

ऊन आलं ते आधी माझ्या पायांवर, मग तिच्यावर. बराच वेळ काही नाही. मग जीभ बाहेर आली. अंगातून एक लाट गेली. कावळा जवळ आला, तशी तिनं मान उचलली. तो मागं सरला.

हळूहळू ती निघाली. आमच्या परड्याकडं वळेल म्हणून मी पाय बाजूला घेतले. ती शेजाऱ्याच्या शाळवाच्या उभ्या पिकात शिरली आणि दिसेनाशी झाली.

सून दारातून विचारत होती, "गेली का?"

"गेली. शेजाऱ्याची झाली. आता सांजेला उंदरांचा पिंजरा लाव."

आणि काठी टेकत उठायला लागले.