जमनाचा खांदा

“बांगड्या कापा,” मोठे डॉक्टर म्हणाले. ड्रेसरने करवत आणून ट्रेमध्ये ठेवली.

टेबलावर जमना होती. बंजारा तांड्यावरची तरुण बाई. कापसाने भरलेल्या बैलबंडीवरून पडून तिचा उजवा खांदा निखळला होता. कोपरापासून काखेपर्यंत जाड हस्तिदंती बांगड्या. नवरा गेला तरच त्या दंडावरून उतरायच्या. नवरा दाराशी उभा होता. बोलली ती सासू, माझ्याकडे पाहून.

“बाई, बांगडीले हात लावू नोका. माहा पोरगा जिता हाये.”

“आणि हिचा हात गेला म्हणजे?” मोठे डॉक्टर म्हणाले.

ते उगाच भीती घालत नव्हते. दंड सुजत चालला होता. खांद्याच्या कडेला मी बोट टेकवलं तर जमनाला कळत नव्हतं. नस ताणली गेली होती. उशीर झाला असता तर हात कायमचा अधू झाला असता. त्यांनी हात धरून फिरवून पाहिला होता, पण बांगड्यांवरून पकड मिळेना. क्लोरोफॉर्म होता, पण जमना भरपेट जेवून बंडीत बसली होती. बेशुद्धीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते.

साठ सालच्या सुमाराची गोष्ट. मी दिग्रसच्या दवाखान्यात नवी लेडी डॉक्टर.

मुलांनो, आपल्या बहुतेक स्नायूंची दोन टोकं दोन हाडांना चिकटलेली असतात. आखडला की स्नायू एक हाड दुसऱ्याकडे ओढतो. तो ओढतो फक्त, ढकलत कधीच नाही. छातीचा मोठा स्नायू छातीच्या मधल्या हाडापासून निघून दंडाच्या हाडाला पुढून चिकटतो आणि दंड आत ओढतो. खांद्यावर टोपीसारखा बसलेला डेल्टॉइड दंड वर उचलतो. खांदा निखळला की हे सगळे आखडतात आणि दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीबाहेरच अडकवून ठेवतात. आपण जितकं खेचू, तितके ते उलटे खेचतात. भांडण हाडाशी नव्हतंच.

“सर, तिला पालथं झोपवू. हात वजन बांधून खाली लोंबू दे. स्नायू थकले की सोडतील.”

“नाही सोडलं तर?”

“मग बांगड्या मी कापीन.”

“माझा चहा होईपर्यंत,” ते म्हणाले आणि गेले.

जमनाला पालथं झोपवून, हात टेबलाखाली सोडून मनगटाला वाळूची पिशवी बांधली. मी नाडी धरून बसले. नाडी लागत होती, पण काखेपाशी माझ्या दुसऱ्या हाताला छातीचा स्नायू दोरासारखा ताठ लागत होता. जमनाची बोटं गार पडू लागली. बाहेर कपबशी वाजली. मी जमनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिची नजर ट्रेवर होती.

“करवत बाहेर न्या,” मी ड्रेसरला सांगितलं. “आणि आजी, तुम्ही हिच्या तोंडासमोर बसा. बोला काहीतरी.”

सासू खाली बसली. “काय बोलू हिच्याशी? म्या म्हटलं पायी चाल. तं ही कापसावर चढली राणीवानी. बैलानं मान हालवली अन् राणी वावराच्या धुऱ्यावर.”

“याडी, बैल तुमचाच व्हता,” जमना सासूला म्हणाली. “तुमच्यावानीच मारका.”

सासू आधी हसली, मग जमना. माझ्या हाताखाली स्नायू ढिला पडला, मी दंड जरासा फिरवला आणि गोळा खट्कन खोबणीत बसला.

मोठे डॉक्टर कप घेऊनच आत आले. खांदा चाचपला, नाडी पाहिली.

“चहा अजून अर्धा आहे,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळी बोट टेकवलेलं जमनाला कळू लागलं. पुढे नोकरीभर, खांदा बसवायचा असला की मी आधी हत्यारं बाहेर पाठवायचे आणि सासूला आत घ्यायचे.