अकरा विहिरींची वही

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला माहीत नव्हतं, आणि आता ती नाही. जिची ही गोष्ट आहे तिच्याशी मी अजूनही बोलते, तिच्या तब्येतीची चौकशी करते — आणि दर वेळी फोन ठेवल्यावर मला वाटतं, आजही सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय? ठेवलं. मीच ठेवलं.

आत्ता लिहायला बसल्यापासून दोनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता.

सुरुवात कुठून करू? त्या वेळी आम्ही किती लहान होतो, तिथून करावीशी वाटते. पण तेही खरं नाही. बावीस वर्षांची मुलगी लहान असते का?

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सांगलीच्या एका कॉलेजात आम्ही दोघी एमएस्सी करत होतो, विषय रसायनशास्त्र. ती रत्नमाला, लोणंदची. तिचे वडील रेल्वेत गँगमन. रुळांची देखभाल करणारी टोळी असते, तीत. घर रुळांच्या पलीकडं, बौद्धवस्तीत. आणि मी सांगलीचीच, वडिलांची मार्केट यार्डात हळदीची पेढी. वर्गात रत्ना पहिली यायची, मी दुसरी. एकदा मी पहिली आले होते. त्या परीक्षेत तिला कावीळ झाली होती.

आमच्या एका सरांनी माहिती आणली की इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पाण्याच्या शुद्धतेवर अभ्यासक्रम आहे आणि बाहेरच्या देशातल्या एकाच विद्यार्थ्याला ते सगळा खर्च देऊन घेतात. एकालाच. दोघींनी अर्ज मागवायचं ठरवलं. निळ्या आंतरदेशीय पत्रासारखी ती परदेशी पत्रं असायची ना, तशी दोन पत्रं आम्ही एकाच दिवशी टाकली. महिन्याभरानं दोघींचे जाडजूड लिफाफे आले. रत्नाचाही माझ्याच पत्त्यावर आला. होस्टेलवर टपाल हरवायचं. तिचं पाकीट मी फोडलं नाही — बघा, हेही सांगायचा मोह होतो मला. की मी तसली नव्हते.

अर्जात दोन पानं कोरी होती. हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.

माझी पानं आठवडाभर कोरीच राहिली. काय लिहिणार? लहानपणापासून विज्ञानाची आवड होती — असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मला पाण्याबद्दल काही वाटत नव्हतं. नळ सोडला की पाणी यायचं. कृष्णेला पूर आला की ते बघायला जायचं, एवढाच माझा पाण्याशी संबंध. शेवटी मी एसटीनं पुण्याला गेले, एका मोठ्या वाचनालयात अशा अर्जांची माहिती देणारी पुस्तकं आहेत असं कळलं होतं म्हणून. एकटीच गेले. रत्नाला प्रॅक्टिकल होतं, हे खरं. पण मी तिला विचारलंही नव्हतं. तिथल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं — मार्क तर सगळ्यांनाच असतात, तुम्ही या विषयाकडं कसे आलात ते सांगा, तुमच्याच आयुष्यातलं सांगा. मी ते वहीत उतरवून घेतलं. परत आल्यावर रत्नानं विचारलं, काय मिळालं का गं? मी म्हटलं, काही विशेष नाही.

इथून पुढचं मला सलग सांगता यायला हवं. प्रयत्न करते.

पुढच्या रविवारी ती पेढीवर आली. वडिलांनी व्यापाराच्या पत्रव्यवहारासाठी विजेवर चालणारा टाइपरायटर घेतला होता आणि रत्नाचा अर्जही मीच टाइप करून देणार होते. रविवारी सौदे बंद, यार्डात चिटपाखरू नाही. हळदीची पिवळी धूळ सगळीकडं — टेबलावर, कागदांवर, बोटांवर. रत्नाचं लिहिलेलं इंग्रजी कच्चं होतं, म्हणून तिनं मराठीतच लिहून आणलं होतं. चार पानं, निळ्या शाईत. ते मी इंग्रजीत करायचं.

ती पानं मी वाचली.

तिच्या आईकडं पाण्याच्या दोन घागरी असायच्या. एक वस्तीजवळच्या विहिरीची, भांडी-कपड्यांना. दुसरी रूळ ओलांडून स्टेशनवरून आणलेली — फक्त डाळ शिजवायला. कारण वस्तीच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजतच नसे. चौथीतल्या रत्नाला प्रश्न पडला, का? पाणी तर सारखंच दिसतं. मग तिनं आसपासच्या एकेका विहिरीचं पाणी आणायला सुरुवात केली. एवढी डाळ, एवढं पाणी, एवढ्या काटक्या. घरात घड्याळ नव्हतं. दारात उभं राहिलं की स्टेशनवरचं दिसायचं. आई ओरडायची, "डाळ शिजली तर शिजली, न्हाई तर न्हाई, तू काय परीक्षा घ्याया लागलीस तिची?" एका वहीत तिनं अकरा विहिरी लिहिल्या आणि समोर मिनिटं. अकरावी विहीर गावातल्या एका बागायतदाराची होती. तिथं हिला हात लावू द्यायचे नाहीत. ही खाली तांब्या धरून उभी राहायची आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं, शिंतोडे उडणार नाहीत इतक्या लांबून. त्या पाण्यात डाळ सगळ्यांत लवकर शिजली. नऊ वर्षांच्या मुलीनं वहीत तेवढंच लिहिलं होतं. विहिरीचं नाव आणि मिनिटं.

मी पानं खाली ठेवली. मी ओढणीनं डोळे पुसले. ते तिच्यासाठीचं रडू होतं असं मी पुढं कितीतरी वर्षं समजत होते. तिच्यासाठी नव्हतं ते. हिला बोलावणार, मला नाही — हे मला तेव्हाच, त्या खुर्चीत, लख्ख कळलं होतं.

मी म्हटलं, "रत्ने, हे नाही गं चालणार."

"का?"

"हे असं घरचं कुणी अर्जात लिहितं का? त्यांना विषय हवा, मार्क हवेत. हे वाचून त्यांना वाटेल, ही दया मागतेय."

दया. हा शब्द मी का निवडला, माहीत आहे? कारण बीएस्सीपासून तीन वर्षं मी तिला ओळखत होते. फी-सवलतीच्या रांगेत उभं राहताना ती मान किती ताठ ठेवायची ते मी पाहिलं होतं. दुसरं काहीही म्हटलं असतं तर ती भांडली असती. या शब्दावर तिनं पानं पालथी ठेवली. तिचा चेहरा उतरला, कानशिलं लाल झाली. मग हळूच म्हणाली, "व्हय की. माझ्या ध्यानातच आलं न्हाई." एरवी कॉलेजात ती अशी बोलत नसे.

आम्ही दोघींनी मिळून तिचा नवा मजकूर तयार केला. मार्क, बक्षिसं, प्रयोगशाळेतले विषय, विज्ञानाची आवड. माझंच ते खोडलेलं वाक्य मी तिच्या अर्जात टाइप केलं. निघताना तिनं ती चार पानं टेबलावरच सोडली. "फाडून टाक गं," म्हणाली.

मी फाडली नाहीत.

तेवढ्यावर थांबले असते तर? — असा विचार मी पुष्कळ केला आहे. तिला पाडलं एवढंच माझ्या माथी राहिलं असतं. पण माझी पानं अजून कोरी होती. दोन दिवस मी ती निळ्या शाईची पानं ड्रॉवरमध्ये ठेवून फिरले, जेवले, झोपले. तिसऱ्या दिवशी दुपारी पेढीवर बसून मी टाइप केलं. माझी आई. आमच्या दोन घागरी. मी चौथीत असताना. विहीरही घेतली, अकरावी. ती घेताना मी थांबले होते — हे वगळावं का, ही तरी तिची तिलाच ठेवावी का? मग वाटलं, हिच्याशिवाय गोष्ट उभी राहत नाही. म्हणून तीही घेतली. तांब्या माझ्या हातात दिला आणि वरून ओतणारे हात — ते आमच्यासारख्यांच्या घरातले असायचे, हे मला ठाऊक असून — दुसऱ्या कुणाचे केले. वडिलांचा व्यवसाय विचारला होता, तिथं लिहिलं, हळदीच्या बाजारात काम. खोटं होतं का ते?

दोन्ही पाकिटं आम्ही एकत्रच पोस्टात टाकली. रत्ना म्हणाली, "कुणाचं का होईना, एकीचं तरी होऊ दे."

मुलाखतीचं पत्र मला आलं. तिला एका कागदावर चार ओळींचा नकार.

मुलाखत मुंबईत होती. समोर दोघं इंग्रज, एक पुरुष, एक बाई. सांगलीत कुणीही माझं आडनाव ऐकून त्या विहिरीची गोष्ट हसण्यावारी नेली असती. त्या खोलीत माझ्या आडनावाला काही अर्थच नव्हता. बाईंनी विचारलं, त्या शेवटच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायला किती वेळ लागला होता? मला आकडा आठवेना. आदल्याच रात्री पाठ केला होता. मी म्हटलं, चाळीस मिनिटं. बाईंनी मान हलवून लिहून घेतलं. सगळ्यांत जास्त हळहळ मला कशाची वाटावी? पण या आकड्याची वाटते. नऊ वर्षांच्या पोरीनं दारात उभं राहून बघितलेली मिनिटं होती ती, आणि मी ती नीट चोरूसुद्धा शकले नाही.

निवड झाली. रत्ना लोणंदहून वडिलांना घेऊन आली, पेढे घेऊन. वडील ओसरीतच बसले, कितीही म्हटलं तरी आत आले नाहीत. मला म्हणाले, "पोरी, आमच्या रत्नीचा कागुद तू मिशनीवर करून दिलास. घरच्या माणसानं केलं नसतं एवढं." मी त्यांच्या पाया पडले. ते पाय मागं घेऊ लागले, तरी पडले.

तिकडं काय झालं ते थोडक्यात सांगते. विभागानं नव्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या माहितीपत्रकात माझा फोटो आणि त्याखाली विहिरींची गोष्ट छापली. ओळख करून देताना प्राध्यापक तीच सांगायचे आणि मग माझ्याकडं बघायचे, पुढचं मी सांगावं म्हणून. मी सांगायचे. इतक्यांदा सांगितली की आता मला ती वही दिसते. तिचा मळलेला पुठ्ठा दिसतो. मी ती वही कधी पाहिलेली नाही. रत्नानं ती आणलीच नव्हती.

दशक संपत आलं तेव्हा मी इंग्लंडहून सुट्टीवर आले होते. रत्ना साताऱ्यात एका कॉलेजात शिकवत होती. लग्न झालं होतं, स्वतःचं घर झालं होतं. वाईट काही झालं नव्हतं तिचं — हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल! मी कॉलेजात भेटायला गेले तर ती विभागात बसून एका मुलीचा अर्ज तपासत होती. परदेशी विद्यापीठाचा. गरीब घरातल्या मुलांना ती दरवर्षी असे अर्ज भरायला मदत करायची. त्यांच्यासाठी तिनं सूचनांचा एक कागद काढला होता, भिंतीवर लावला होता. पहिलीच सूचना — घरची परिस्थिती लिहू नये. दया मागितल्यासारखं दिसतं.

माझे शब्द. भिंतीवर. किती वर्षं लावलेले होते, किती मुलांनी वाचले होते — विचारायचं धाडस मला झालं नाही.

मुलगी शिरवळची होती, रुखसाना. वडील गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करणारे. तिनं लिहिलं होतं, तापल्या भांड्यात अब्बा नवसागर टाकतात, पांढरा धूर उठतो आणि काळं पातेलं आतून चांदीसारखं होतं. तो धूर कसला, हे शोधत मी रसायनशास्त्राकडं आले. सुंदर लिहिलं होतं. रत्नानं त्या परिच्छेदाला लाल कंस केला होता. मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, एवढं ठेवलं तर?"

रत्ना हसून माझ्याकडं वळली. "ही बघ, ही तिथं शिकून आली. हिलाच विचार. मंजू, सांग की गं हिला."

दोघी माझ्याकडं बघत होत्या.

ठेव म्हटलं असतं तर रत्नानं लगेच विचारलं असतं, मग मला का काढायला लावलंस? तिनं तिथंच विचारलं असतं. हे सगळं मला कळायला एक क्षणही लागला नाही.

मी म्हटलं, "मॅडम म्हणतात ते बरोबर आहे."

रुखसानानं पट्टी घेतली आणि एकेका ओळीवर सरळ रेघ मारली. खाडाखोड दिसू नये म्हणून सावकाश. मग रत्नानं चहा मागवला. आम्ही तिघींनी घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात इंग्लंडला रत्नाचं पत्र आलं. बरंच काही लिहिलं होतं, सासूबाईंचा मोतीबिंदू, कॉलेजातली भांडणं. शेवटी एक ओळ होती — रुखसानाचं झालं न्हाई, आपल्या पोरींना कोण घेतंय बाई.

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. लिहिलं की तिला निराश होऊ देऊ नकोस, पुढच्या वर्षी तोच अर्ज पुन्हा पाठवू दे. कल्हईच्या परिच्छेदाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.