गुलाबभाऊंनी फोडलेला ब्लॉक

इंजिन घेऊन कोणी आमच्या कामशेतच्या वर्कशॉपमध्ये आलं, की गुलाबभाऊ आधी इंजिनाकडे बघतच नसत. मालकाला बाकड्यावर बसवायचे आणि विचारायचे, "तापलं तवा गाडी कुटं हुती?" मग पुढचे प्रश्न. पाणी शेवटचं कधी बघितलं? तापमानाचा काटा वर गेल्यावर थांबलात, की तशीच रेटलीत? मालक उडवाउडवी करू लागला, की भाऊ म्हणत, "खरं सांगा. मी काय पोलीस न्हाई. पर कारण कळलं न्हाई, तर ह्ये पुन्हा तापणार, अन् नाव माझं जाणार."

मी त्यांच्याकडे लेथवर होतो. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पिस्टन ज्या पोकळीत वरखाली होतो, तिची भिंत झिजली किंवा ओरखडली, की भाऊ ती बोरिंग मशीनवर कातून मोठी करायचे. मग मी त्या मापाची बिडाची नळी, म्हणजे स्लीव्ह, कातून द्यायचो. ही स्लीव्ह भोकापेक्षा केसभर जाड ठेवायची आणि प्रेसखाली दाबून बसवायची. सैल राहिली तर चालत्या इंजिनात सरकते, जास्त जाड झाली तर ब्लॉक चिरतो. भाऊ म्हणायचे, "घरजावई आणताना बघतो, तसं बघायचं. लय ढिला नगं, लय ताठ नगं."

भाऊ सुदुंबऱ्याचे. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्यांनी हे मशीन टाकलं होतं. पौर्णिमेला संध्याकाळी लवकर शटर ओढून विहारात जायचे, एरवी सुट्टी त्यांना ठाऊक नव्हती. माणूस गोड मुळीच नव्हता. काम चांगलं झालं तर गप्प बसायचे, बिघडलं तर सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

एकदा हिराबाईंचं इंजिन आलं. नवरा गेल्यावर त्याची जीप त्या स्वतः चालवायच्या. कामशेत ते पवनेकडची गावं, असं शिटा भरून न्यायचं वडाप होतं. भाऊंनी नेहमीचा प्रश्न विचारला. त्या सरळ म्हणाल्या, "काटा वर गेल्याला दिसला, भाऊ. पर गाडीत बाळंतपणाला निघालेली पोर हुती. न्हाई थांबले."

"पोचली का येळंत?"

"पोचली. लेक झाली तिला."

"मग बरं केलं," भाऊ म्हणाले आणि इंजिनाकडे वळले.

ब्लॉकला रॉकेल लावून, पुसून, वर खडूची पूड मारून भाऊंनी तो तपासला; चीर असली, तर आत मुरलेलं रॉकेल पुडीवर ओलं उमटतं. चीर कुठे नव्हती. भोकं कातली, मला मापं सांगितली. मी स्लीव्ह कातल्या. एकेक बसत गेली. शेवटची प्रेसखाली अर्धी गेली आणि 'टच' असा आवाज झाला. भाऊंनी प्रेस सोडला. पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. पांढऱ्या पुडीवर ओली रेघ हळूहळू उमटली.

इंजिन घेऊन आलेला मेकॅनिक शेजारीच उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "गाडी तापलीच होती की, भाऊ. चीर आधीचीच म्हणून सांगू. बाईला काय कळतंय?"

"मला कळतंय न्हवं?" भाऊ म्हणाले. "खडू मीच मारलाय. तवा चीर न्हवती."

मग त्यांनी भोक मोजायचं गेज ब्लॉकमध्ये घातलं आणि मला बोलावलं. "तू वाच." मी आकडा सांगितला. त्यांनी मला आधी दिलेलं माप त्याहून मोठं होतं, म्हणजे स्लीव्ह जास्त जाड झाली होती. त्यांनी गेज दाराशी नेलं, उजेडात धरलं, डोळ्यांजवळ आणलं, लांब केलं. शेवटी ते खाली ठेवून म्हणाले, "बारीक रेघा दिसंनात मला. कवापासनं दिसंनात, त्ये बी सांगता याचं न्हाई."

हिराबाईंना त्यांनीच फोन केला. "ताई, तुमचा ब्लॉक माझ्या हातनं फुटला. तुमची चूक न्हाई." दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि ताडताड बोलल्या. "मी खरं सांगितलं, अन् तुमी माझं वाटुळं केलं! गाडी बंद तर मी करू काय?" भाऊंची स्वतःची जुनी जीप सुदुंबऱ्याला दारात होती. इंजिन त्याच बनावटीचं. त्यांनी तिचा ब्लॉक उतरवून आणला.

वहिनी माझ्यासमोरच म्हणाल्या, "दुसऱ्याची गाडी चालावी म्हणून आपली दारात कुजवायची?"

"आपल्याला यष्टी हाय," भाऊ म्हणाले. "तिला काय हाय?"

त्या ब्लॉकच्या वेळी भोकं ते कातत होते, गेज मी वाचत होतो. जीप पुन्हा रस्त्याला लागली. हिराबाई पुढे बरेच दिवस दुकानासमोरून मान न वळवता जायच्या. भाऊ म्हणायचे, "जाऊ दे. गाडीचा आवाज चांगला येतोय."

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, राहिलेली औषधाने टिकवायची होती. त्यानंतर येईल त्या गिऱ्हाइकाला भाऊ माझ्याकडे बोट करून आधीच सांगू लागले, "माझा डोळा गेलाय. माप हा रवी घेणार. चालत आसंल तर ठेवा इंजिन." काहींनी नाही ठेवलं, तळेगावला नेलं. मी एकदा चिडून म्हणालो, "सगळ्यांना कशाला सांगत बसता?" ते म्हणाले, "त्यांनी मला खरं सांगायचं, अन् मी झाकून ठिवायचं?" बोरिंग मशीनवर माझा हात पुरता बसल्यावर ते सुदुंबऱ्याला गेले ते गेलेच. गेल्या हिवाळ्यात वारले.

यंदा भातलावणीच्या आधी मळवलीच्या एका शेतकऱ्याचं ट्रॅक्टरचं इंजिन आलं. त्यातली स्लीव्ह भाऊंच्या काळात, त्यांच्याच हातची बसलेली, आता झिजलेली. मी ती आतून कातत कातत पातळ केली, तशी ती सैल होऊन हातात आली. मागे भाऊंनी कातलेली ब्लॉकची भिंत उघडी पडली. स्लीव्ह बसल्यावर कुणालाही न दिसणारी ती जागा. मी गेज घातलं. वर, मध्ये, खाली आणि आडवं फिरवून पाहिलं. गेजचा काटा हलला नाही, माप सगळीकडे एकच.

शेतकरी म्हणाला, "पुन्हा बोरिंग करावं लागंल का?"

"नाही," मी म्हणालो. भिंत स्वच्छ पुसली आणि त्याच मापाची नवी स्लीव्ह कातायला लेथवर गेलो.