पळसाखालचा समुद्र

महाराष्ट्र नवा होता तेव्हाची गोष्ट. पळस फुलला की मोताळ्याचा आमचा फोटोवाला दुकान बंद करून जंगलात पळायचा. नवरदेवांना दटावायचा तसाच पाखरांनाही दटावायचा, "हालू नको बे!"

एका फाल्गुनात त्याने स्टुडिओतला समुद्राचा रंगीत पडदाच सोबत घेतला, आणि तो धरायला मला. "मांगं समुद्र असला म्हणजे फोटोले शोभा येते." खरा समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता. पडदा मी धरला. मोर पळाले, हरणं पळाली. फोटो काढायच्या काचा वाया जाऊन शेवटची एकच उरली, तेव्हा समोर एक वानर येऊन बसलं, गुडघ्यावर हात ठेवून.

काळ्या कापडातून आवाज आला, "वा, मालक! असेच बसा!"

हसण्याने माझा समुद्र हिंदकळत होता.

फोटो दुकानाच्या दारात लागला. लग्नसराईत जो तो नवरदेव म्हणे, "मले वांदराच्या मांगचाच समुद्र पाह्यजे."

"हाव, पण त्याच्यासारखं बसता येईन का बे तुले?"