चाळीसच का?

एका खऱ्या कॉम्प्युटरवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणे, हे आमच्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामचे काम. प्रत्येक आभासी कॉम्प्युटरला वाटते, सगळी मेमरी आपलीच. तो जो पत्ता सांगेल तो खऱ्या पत्त्यात बदलून द्यावा लागतो. बदललेले पत्ते प्रोसेसर लक्षात ठेवतो, म्हणून वेग मिळतो. पण मेमरीतले पान, म्हणजे तिचा एक तुकडा, हलले की ते लक्षात ठेवलेले पुसावे लागते. आमचा ड्रायव्हर एक पान हलले तरी सगळेच पुसायचा. मी ठरवले, हललेले तेवढेच पुसायचे.

थोडी पाने असली की काम झपाट्याने होई. पुष्कळ असली की एकेक पुसण्यातच वेळ जाई, जुनी पद्धत बरी ठरे. म्हणजे मध्ये कुठेतरी सीमा हवी. कागदावर हिशेब केला, सीमा शंभर पानांच्या आसपास आली. मोजून पाहिले तर चाळीस. मशीन बंद करून पुन्हा लावले, दुसरे घेतले, बाकीचे प्रोग्राम थांबवले. चाळीसच.

हा बदल या आवृत्तीत गेला नाही तर ड्रायव्हर दुसऱ्या गटाकडे जाईल, असे साहेबांनी सांगून ठेवले होते. मी तो उभा केला होता. मला तो सोडायचा नव्हता.

कोड तपासणारे सहकारी सिकंदराबादचे, माझ्याच वयाचे. त्यांच्या मंजुरीशिवाय काही आत जात नाही. त्यांनी एवढेच विचारले, "मॅडम, चालीसच कायकू?"

मी लिहिले, प्रोसेसरच्या बाकीच्या कोअरना, म्हणजे भागांना, कळवण्यात वेळ जातो. त्यांनी एकच कोअर चालू ठेवून पाहिले. सीमा हलली नाही. मी लिहिले, पाने लहान आहेत म्हणून. त्यांनी मोठी घेतली. तरी हलली नाही. दोन्ही वेळा बदल परत आला, सोबत चहा पिऊन विचार करा असा सल्ला.

चिक्कडपल्लीला घरी नवरा कोथिंबीर निवडत होता. त्याला सगळे सांगितले.

"पन्नास ठेवलंस तर?"

"हळू होतं."

"तीस?"

"तेही हळू."

"मग चाळीस ठेव की. त्यात रडायचं काय?"

मला राग आला.

शेवटी दोन्ही कारणे खोडली आणि लिहिले: हिशेबाने शंभर येते, मोजल्यावर चाळीस, कारण मला माहीत नाही. सहकारी माझ्या टेबलाशी आले.

"अब इसमें काटने जैसा कुछ नईं," म्हणाले, आणि तिथेच मंजुरी दिली.

तुम्हाला तरी उलगडले का, असे मी विचारले.

"नईं. मैं समझा आप बताएंगे."

ड्रायव्हर आमच्याकडेच राहिला. मला हायसे वाटायला हवे होते. या आठवड्यात नव्या प्रोसेसरची मशीन आली आहेत. मोजते आहे, आणि सीमा एकसष्टवर येते आहे.