ग्रंथालयाची किल्ली

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षीच्या दुष्काळात मी एम.ए.ला जुन्या इटालियन कवितांचा पेपर घेतला होता. त्यांचं एकुलतं एक भाषांतर कॉलेजच्या ग्रंथालयात होतं आणि ते घरी नेता येत नसे. त्यामुळे तिथल्या शिपायाशी माझी रोज गाठ पडायची. त्याच्या कपाळावर भस्माचे पट्टे असत आणि गुडघ्यांवर वाळलेला चिखल. पुस्तक हातात देताना तो विचारायचा, "आज कोण मेलं, भाऊ?" त्या कवींच्या प्रेयसी फार लवकर मरतात, हे मीच त्याला सांगितलं होतं. "मेल्यावर सांगून काय उपेग? जित्ती हाय तवरच सांगावं," म्हणत तो कपाटं झटकायला लागायचा.

चिखल विहिरीतला होता. मुरुडजवळच्या त्याच्या गावात तो रोज पहाटे दोराला धरून आटलेल्या विहिरीत उतरायचा आणि झऱ्याचं पाणी वाटीनं घागरीत भरायचा.

"कडेची माती ढासळाय लागलीया," एकदा तो सहज म्हणाला. त्या संध्याकाळपासून कुलूप लावलं की किल्ली माझ्या हातात द्यायला लागला. "उद्या साडेदहापर्यंत न्हाई आलो, तर तुमीच उघडा. अभ्यासाची खोटी नगं."

सकाळी तो आला की मी किल्ली परत द्यायचो आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी अकरा वाजले तरी तो आला नव्हता. माझी शेवटची कविता वाचायची राहिली होती. किल्ली मुठीत घामेजली, पण कुलपाला लावायचा धीर होईना. दाराकडं पाठ करून मी पायरीवर बसलो आणि मुरुडच्या रस्त्याकडं बघत राहिलो.